जुनी झडप परत पाहिजे

बायको गेली त्या दिवशी तपासनिसांना ती गेल्याचं समजलं नाही. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं होतं, माणसं जमली होती, मुलगी गळ्यात पडून रडली होती, सगळं रीतसर झालं होतं. तरी समजलं नाही. समजलं ते बऱ्याच दिवसांनी, मिक्सर दुरुस्त करणारा घरी आला तेव्हा.

मिक्सरवाल्याने मिक्सर उघडला, काहीतरी काढलं, काहीतरी बसवलं आणि म्हणाला, "नवीन टाकलंय." तपासनिसांनी हात पुढे केला. "जुनं?" त्याने झिजलेला कार्बनचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. तपासनिसांनी तो उजेडात धरला, उलटसुलट केला, आणि नेहमीसारखी मान मागे वळवून स्वयंपाकघराला विचारलं, "काय गं?"

उत्तर आलं नाही. उत्तर देणारं आत कोणी नव्हतं. हे त्यांना तेव्हा, मिक्सरवाल्यासमोर, उभ्या उभ्या समजलं.

आता ही "काय गं?"ची भानगड आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही उलगडायचं नाही. तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. पंखे बनवणाऱ्या कारखान्यात ते बाहेरून येणारा माल तपासायचे. नोकरी संपली, नाव चिकटून राहिलं. माल तपासणाऱ्याचं काम एकच, समोर येईल त्यावर संशय घेणं. बेअरिंग आलं, घ्या संशय. स्क्रू आले, घ्या संशय. कारखान्यात याचा पगार मिळायचा, घरी हेच काम ते फुकट करायचे. दूधवाला, शिंपी, मुलीच्या शाळेतल्या बाई, कोणी सुटलं नाही. आणि दुरुस्तीला आलेल्या कोणालाही, काढलेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय, त्यांनी जिना उतरू दिला नाही. जुना हातात आला म्हणजे नवीन खरंच बसवला हे सिद्ध. बाकी या जगात सिद्ध असं फार थोडं आहे.

पण नुसत्या संशयावर संसार चालत नाही. सगळाच माल परत पाठवला तर पंखा फिरायचा कसा? म्हणून घरात कामाची वाटणी झाली होती. संशय घ्यायचा तपासनिसांनी, निकाल द्यायचा बायकोने. ती हात पुसत दारात यायची, समोरच्या माणसाकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "बरा आहे हो माणूस. जाऊ द्या त्याला." झालं. केस बंद. क्वचित कधी "नको" म्हणायची, तेव्हा तीही केस बंद. जावयाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तपासनिसांनी त्याच्या बुटांच्या टाचा पाहिल्या, हसताना त्याचे डोळे हसतात का ते पाहिलं, आणि आत जाऊन सांगितलं, "हा मुलगा मला जरा जास्तच गोड बोलतोय असं वाटतं." बायको म्हणाली, "तुम्हाला तुमचंच ऐकायची सवय झालीय. बरा आहे." लग्न झालं. जावई खरोखरच बरा निघाला. तपासनीस अजून अधूनमधून खात्री करून घेतात, ते वेगळं.

तर अशी दोन खाती होती. त्यातलं एक बंद पडलं आणि दुसरं जोरात चालू राहिलं. निकालाविना संशय नुसते साठत गेले.

मिक्सरवाल्याला तपासनिसांनी जाऊ दिलं खरं, पण दार लावल्यावर मनात आलं, हा तुकडा आपल्याच मिक्सरमधला कशावरून? याच्या पिशवीत असे झिजलेले तुकडे खंडीभर असतील. ते तसेच सपाता घालून मागे धावले. एक मजला उतरले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि जिना काळा पडला. शुद्धीवर आले तेव्हा मिक्सरवाल्याच्या मांडीवर डोकं होतं, आणि समोरच्या मावशी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होत्या. पाणी जरा जास्तच जोरात मारत होत्या, असं तपासनिसांना तेव्हाही वाटलं.

*

इस्पितळात त्यांच्या छातीला नळी लावली, थंडगार मलम फासून यंत्राने आतली चित्रं काढली, आणि शेवटी त्यांना व मुलीला हृदयाच्या डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टर शांतपणे बोलायचे, पण बोलताना पेनाचं टोपण सारखं उघडझाप करायचे. तपासनिसांनी नोंद घेतली. ज्याला खात्री असते तो टोपणाशी खेळत नाही.

"काका, हृदयातून रक्त जिथून सगळ्या शरीराकडे निघतं, त्या दारावर एक झडप असते," डॉक्टर म्हणाले. "तुमची कडक झालीय. कॅल्शियम साठून नुसता दगड झालाय. पुरती उघडतच नाही. म्हणून दम लागतो, म्हणून चक्कर आली."

"किती दिवसांपासून आहे हे?"

"ते नक्की नाही सांगता येणार."

तपासनिसांनी याचीही नोंद घेतली.

"आणि नाही बदलली तर?" मुलीने विचारलं.

टोपण थांबलं. "एकदा चक्कर यायला लागली की वाट बघण्यात अर्थ नसतो, ताई. वर्ष, दोन वर्षं. तेवढीही मिळतील असं मी म्हणणार नाही."

मुलीने बाबांचा हात धरला. बाबांनी तो सोडवून घेतला, कारण त्यांना गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकायचं होतं.

"म्हणजे छाती फाडणार."

"गरजच नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर न्यायची. नळीच्या टोकात नवीन झडप मिटवून ठेवलेली असते. जागेवर पोचली की उघडायची. जमलं तर दोन-चार दिवसांत घरी."

आपल्या आयुष्याचा अनुभव असा, की जो माल फार सोपा करून सांगतात त्याची खोट खोल असते. तपासनिसांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"जुनी परत मिळेल ना?"

"जुनी काय?"

"झडप. काढलेली. मला हातात पाहिजे."

"काका, जुनी काढतच नाहीत यात. ती आत तिथेच राहते. नवीन तिच्या आत उघडते आणि जुनी कडेला दाबली जाते."

तपासनीस एकेक शब्द मोजून बोलले.

"म्हणजे छाती उघडणार नाही. जुनी काढणार नाही. आत काय आहे ते मला कधी दिसणार नाही. आणि तुम्ही म्हणणार, नवीन बसवली."

"हो."

"आणि मी म्हणायचं, बरं."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

बाबांनी सवयीने मान मागे वळवली. मागे भिंत होती. भिंतीवर अर्धं कापलेलं हृदय छापलेलं मोठं चित्र होतं. त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरांनी मग कपाटातून रुग्णांना दाखवायची एक झडप काढून त्यांच्या हातावर ठेवली. बारीक तारेची जाळी, आत मऊ कातड्यासारख्या तीन पाकळ्या. तपासनिसांनी ती खिडकीपाशी नेली. चिमटीत दाबली. दबली. सोडली. परत होती तशी उभी राहिली.

"आतलं हे काय आहे?"

"प्राण्याच्या हृदयावरचं आवरण. त्यावर प्रक्रिया करतात."

"प्राण्याची तब्येत बरी होती का?"

"असावी," डॉक्टर म्हणाले, आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं.

"शिवण?"

"हाताने घालतात. भिंगाखाली बसून."

तपासनिसांनी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून शिवण पाहिली. सुटलेला धागा नाही. वाकडा टाका नाही. जाळीचा कोपरा बोचत नाही. एकही खोट न सापडणारा माल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्यामुळे त्यांचा संशय चांगलाच बळावला. कारखान्यात अशा वेळी एक पद्धत होती. ज्याचा निकाल लागला नाही तो नमुना टेबलावर ठेवायचा नाही. टेबलावर ठेवलेला नमुना बदलला जातो. तो आपल्यापाशी ठेवायचा.

तेवढ्यात डॉक्टरांना कोणीतरी बोलावलं, ते उठून गेले. सिस्टर पुढची तारीख सांगायला आल्या. मुलगी म्हणाली, "चला आता बाबा, बास झालं," आणि दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं.

*

संध्याकाळी घरात बैठक बसली. वरच्या मजल्यावरचे वकील आले. हे वकील इमारतीतल्या पाण्याच्या आणि गाड्या लावण्याच्या भांडणांपलीकडे फारसं काही लढले नव्हते, पण लढले ते सगळं हरले होते, त्यामुळे त्यांचा कायद्यावर अजिबात विश्वास नव्हता. तपासनिसांना म्हणून ते आवडायचे. समोरच्या मावशी आल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून इस्पितळ या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा असे.

"जुनी काढत नाहीत?" वकील म्हणाले. "वा! म्हणजे पुरावाच उरत नाही. हुशार माणसं आहेत."

"माझ्या गुडघ्याचा मला फोटो दिला हो भाऊजी," मावशी म्हणाल्या. "आत स्क्रू दिसतात लख्ख. मी भिंतीवर लावलाय. तुम्हाला काय देणार?"

"कार्ड देतात. झडपेचा नंबर असतो त्यावर," मुलगी चहा ठेवत म्हणाली.

"नंबर काय, मीही लिहून देईन," वकील म्हणाले. "आत कोण बघायला जातंय?"

"आणि जांघेतून कशाला मी म्हणते," मावशी म्हणाल्या. "हृदय कुठे, जांघ कुठे. आमच्या भावाला घसा दाखवायला नेलं तर पाठीचा फोटो काढला त्यांनी."

"मावशी, तुम्हाला वाटतं बाबांनी करू नये?"

"छे छे! करावंच. फक्त विश्वास ठेवू नये."

मुलगी तिथून उठून आत गेली. ती आत रडते आहे की नुसती भांडी आपटते आहे, हे तपासनिसांना ओळखता आलं नाही. असलं ओळखायचं कामही त्यांच्याकडे कधी नव्हतं.

थोड्या वेळाने ती दारात आली. "बाबा, तुम्हाला आई नाही म्हणून ठरवता येत नाहीये ना?"

"तसं काही नाही."

"मग मी सांगते. डॉक्टर चांगले आहेत."

तपासनिसांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात घाई होती. निकालात घाई चालत नाही. आणि पोरीला बाप हवा होता, तेव्हा ती दुसरं काय सांगणार होती? साक्षीदार हितसंबंधी होता. "बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून फोन आला. बोलणारा फार नम्र होता. काल आपण आला होतात, डॉक्टरांनी आपल्याला एक दाखवायची झडप दिली होती, ती सापडत नाहीये, चुकून आपल्या सामानात तर...

"चुकून?" तपासनीस म्हणाले. "अहो, सगळं आयुष्य माझ्या हातातून माल गेलाय. एक वॉशर घरी आणला नाही मी. वॉशर!"

"तसं नाही काका, फक्त एकदा बघून..."

"बघायची गरज नाही!"

फोन ठेवला आणि त्यांनी वकिलांना आणि मावशींना बोलावून घेतलं. जगावर संशय घेणाऱ्या माणसावर जग उलटून संशय घेतं तेव्हा त्याला जो धक्का बसतो, तो साध्या माणसाला कळायचा नाही. साध्या माणसाला निदान सवय असते. वकिलांनी तिथल्या तिथे नोटिशीचा मसुदा सुरू केला. त्यात "अब्रू" हा शब्द इतक्या वेळा आला की तपासनिसांना स्वतःच्याच अब्रूचा कंटाळा आला. मावशी म्हणाल्या, "त्यांच्याच कोणीतरी लांबवली असणार. ती सिस्टर बघा. नजर मिळवत नाही." आणि तपासनिसांनी, खोटं कशाला सांगा, मान डोलावली.

*

विम्याचं काम राहिलं होतं. ते इस्पितळातच एका खिडकीवर होत असे. मुलगी म्हणाली, "करायचं की नाही ते नंतर ठरवा, कागद तर पुढे जाऊ द्या." तपासनीस गेले, तेही मुख्यतः तोंड चुकवणारा माणूस आपण नाही हे दाखवायला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

खिडकीतल्या बाईंनी फाइल उलटली. "काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल कुठे आहे?"

"कुठल्या भागाचा?"

"झडप बदलणार ना? बदलायची म्हणजे जुनी काढणार. काढली म्हणजे तपासणीला पाठवणार. त्याचा अहवाल येईल, तो लावावा लागेल. आत्ता निदान डॉक्टरांनी तसं लिहून दिलं पाहिजे. रकाना रिकामा आहे."

तपासनिसांनी बाईंकडे आदराने पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना आपल्या विचारांचं कोणीतरी भेटलं होतं. पण रांग मागे वाढत होती आणि फाइल त्यांची अडली होती. आणि मग असं झालं, की त्यांच्या तोंडून भलतंच निघायला लागलं.

"बाई, यात जुनी काढत नाहीत."

"असं कसं? मग नवीन बसवली कशावरून?"

"तेच मी... अहो, जुनी तिथेच राहते. नवीन तिच्या आत उघडते. जुनी कडेला दबते."

"तुम्ही पाहिलंय?"

"मी कसं पाहीन?"

"मग तुम्हाला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "काका, उद्या कोणीही येईल आणि म्हणेल माझी बदलली. आम्ही काय समजायचं?"

ज्या प्रश्नाने त्यांनी डॉक्टरांना अडवलं होतं, तोच प्रश्न आता खिडकीतून त्यांच्या अंगावर आला होता. रांगेतला एक माणूस म्हणाला, "काका, मिटवा लवकर." तपासनिसांचा आवाज चढला. "नियम दाखवा मला! कुठे लिहिलंय काढलीच पाहिजे म्हणून?" बाईंनी छापील नियम काचेखालून सरकवला. अक्षरं मुंगीएवढी होती. तपासनिसांनी बारीक बघायच्या चष्म्याची डबी काढली आणि खटकन उघडली.

डबीतून झडप बाहेर पडली. काउंटरवर दोनदा उसळली आणि नियमाच्या कागदावर जाऊन उभी राहिली.

बाईंनी झडपेकडे पाहिलं. रांगेने झडपेकडे पाहिलं. तपासनिसांच्या मागे केव्हापासून उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि सावकाश विचारलं, "ही काय हो काका?"

"नमुना," तपासनीस म्हणाले. दुसरा शब्द सुचला नाही.

"तुमचीच का?" बाईंनी विचारलं. "म्हणजे काढलीय?"

मग सगळे आले. सिस्टर आल्या, पाठोपाठ डॉक्टर आले. तपासनीस सांगायला लागले, की निकाल न लागलेला नमुना टेबलावर ठेवायचा नसतो, तो बदलला जातो, नाजूक असेल तर चष्म्याच्या डबीत ठेवायचा, हात आपोआप जातो, हेतू नसतो. सांगता सांगता त्यांनाच ऐकू आलं की हे अगदी चोर बोलतो तसं वाटतंय.

सिस्टर झडप उचलत म्हणाल्या, "काल माझी पर्स उघडून दाखवायला लावली मला. सगळ्यांसमोर."

बस, एवढंच. रागावल्या नाहीत. तपासनिसांना मावशींपुढे डोलावलेली मान आठवली. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी बऱ्याच वर्षांत वापरलं नव्हतं, त्यामुळे ते जरा गंजलेलं बाहेर आलं.

डॉक्टर रागावतील, निदान हसतील, अशी त्यांची अपेक्षा होती. डॉक्टर खिडकीतल्या बाईंकडे वळले. "बाई, यात जुनी काढत नाहीत. काढून चालणारच नाही. तो जो दगड झालाय ना, त्याच्याच आधाराने नवीन घट्ट बसते. तिथे काहीच नसतं तर नवीन निसटून जाईल."

"मग मी रकान्यात काय लिहू?"

"जे आहे ते लिहा."

बाईंनी विचार केला. पेन उचललं, आणि "काढलेला भाग" या रकान्यापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'रुग्णाच्या ताब्यात.' शिक्का मारला. "पुढचे."

तपासनीस बाजूला होऊन भिंतीशी उभे राहिले. शिक्का बघत राहिले. डॉक्टर जायला निघाले तेव्हा म्हणाले, "परत सांगा जरा ते."

"काय?"

"जुनीच्या आधाराने म्हणालात ते."

डॉक्टरांनी परत सांगितलं. टोपण हातात नव्हतं. तपासनिसांनी शिक्क्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग विचारलं, "मला जागं ठेवाल?"

"जागेच असता. थोडी गुंगी देतो."

"पडदा माझ्याकडे फिरवाल?"

"फिरवतो. पण मध्ये बोलायचं नाही."

"सही कुठे करायची?" तपासनिसांनी विचारलं. माणसाचा निकाल लागलेला नसताना त्यांनी होकार दिला, असं हे पहिलंच.

*

त्या खोलीत फार थंडी होती. सिस्टर त्याच होत्या. "काका, हात वर," त्या म्हणाल्या. "खिसे रिकामे आहेत ना?" या कपड्यांना खिसेच नव्हते, हे तपासनिसांनी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "म्हणूनच देतो आम्ही ते," सिस्टर म्हणाल्या, आणि दोघांचं मिटलं.

जांघेत सुई टोचली, मग ती जागा आपली राहिली नाही. पडद्यावर करड्या धुरासारखं काहीतरी हलत होतं. मधोमध काळसर ठिपक्यांचा पुंजका होता, दर ठोक्याला कष्टाने थरथरणारा.

"ते काय?" तपासनीस म्हणाले.

"बोलायचं नाही ठरलंय. तीच तुमची जुनी."

म्हणजे अशी होती. हातात नाही, पण डोळ्यांनी तरी दिसली. खालून एक काळी रेघ वर आली, वळणावर वळली, पुंजक्यातून पलीकडे गेली. डॉक्टरांचा आवाज आला, "जरा धडधडेल काका," आणि धडधडलं. रेघेच्या टोकातून जाळी फुलायला लागली, खालून अर्धी, मग अर्ध्याहून जास्त. खोलीतल्या कोणीतरी "छान" म्हटलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मिटवा. परत."

जाळी पुन्हा मिटली. तपासनिसांना आपण गुंगीत आहोत असं वाटलं. कारखान्यात त्यांनी माल नापास केला की लोक हातापाया पडायचे, वाद घालायचे, वरच्या साहेबांकडे जायचे. स्वतःचं काम, दुसरे छान म्हणत असताना, स्वतःच नापास करणारा माणूस त्यांनी एकही पाहिला नव्हता.

"का हो?" त्यांना राहवलं नाही.

"किंचित वर बसत होती."

"कोणाला कळलं असतं?"

"तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "कधीतरी जिन्यावर. आता गप्प."

जाळी पुन्हा खाली सरकली, पुन्हा फुलली. ठिपक्यांचा पुंजका दोन्हीकडे सरला आणि तिला धरून राहिला. मग डॉक्टर नुसते पडद्याकडे बघत राहिले, बराच वेळ, डोळे बारीक करून, मान जरा तिरकी करून. ती मान तपासनिसांच्या ओळखीची होती. ती त्यांची स्वतःचीच होती.

"सोडा," शेवटी डॉक्टर म्हणाले.

*

घरी परतले त्या दिवशी मुलगी मागे आणि तपासनीस पुढे असे जिना चढले. मुलगी खालून "हळू, बाबा, हळू" म्हणत राहिली, आणि वर पोचल्यावर दम तिलाच लागला होता. समोरच्या मावशी दारात होत्याच.

"फोटो दिला का हो भाऊजी?"

"कार्ड दिलं."

मावशींनी कार्ड उजेडात धरलं, उलटसुलट केलं, आणि नाइलाजाने परत दिलं.

संध्याकाळी वकील आले. चहा घेतला, तब्येत विचारली, आणि मग खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "पण तपासनीस, नवीनच बसवली कशावरून? जुनीच थोडी सैल करून दिली नसेल कशावरून?"

"वकीलसाहेब," तपासनीस म्हणाले, "तुम्ही फार संशय घेता बुवा."

वकील दुखावले. नोटिशीचा मसुदा खिशात घालून निघून गेले. मुलगी मात्र इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "बाबा, मग डॉक्टर बरे होते ना?"

तपासनिसांना हो म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण हे असं आपल्याच तोंडाने, चहा पिता पिता, इतर चार गोष्टींसारखं म्हणून टाकायचं, हे त्यांना जमेना.

"सांगतो," ते म्हणाले.

मुलगी थोडे दिवस राहून तिच्या घरी गेली. नवीन झडप व्यवस्थित चालते आहे. जुनी आत आहे. डॉक्टर माणूस म्हणून कसा आहे, ते अजून ठरवायचं राहिलं आहे.